तक्रार हे वैर नव्हे, साक्ष आहे

(नागरिक प्रबोधन वर्गातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षे या महानगरात नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रभागातील माणसाने गाऱ्हाणे घेऊन कोणाकडे जावे, असा प्रश्न त्या काळात सतत विचारला जात असे. आता नगरसेवक आले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही परत आला आहे. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यायचे, त्याच्याच वर्तनाविषयी गाऱ्हाणे असेल तर काय करायचे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खासदार दूर असतो, आमदार अधूनमधून दिसतो; नगरसेवकाचे संपर्क कार्यालय मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर असते. नळजोडणी अडली, मुलाचा शाळाप्रवेश रखडला, रहिवासाचे पत्र हवे असले, उत्सवाच्या मंडपाची परवानगी अडकली, की पावले तिकडेच वळतात. हे सान्निध्य हेच स्थानिक स्वराज्य संस्थेचे बलस्थान आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नागरी संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नोंदले गेले, तेही सत्ता लोकांच्या उंबरठ्यापर्यंत यावी म्हणूनच. परंतु सत्ता उंबरठ्यापर्यंत आली की तिची भीतीही उंबरठ्यापर्यंत येते. नगरसेवकाचे गैरवर्तन साऱ्या गल्लीला ठाऊक असते, त्याची चर्चा चहाच्या टपरीवर रोज होते, आणि कागदावर मात्र एक ओळही उमटत नाही.

पाण्यातले मासे

‘पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?’ ही म्हण आपल्या समाजात व्यवहारज्ञान म्हणून सांगितली जाते. योगायोग असा, की आर्य चाणक्यानेही अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांच्या अपहाराविषयी लिहिताना माशाचाच दृष्टान्त घेतला आहे. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे सार्वजनिक धनाजवळ वावरणारा ते केव्हा गिळतो हे कळणे अवघड, असा त्याचा आशय आहे. म्हणीतून माणसाने गप्प बसण्याचा धडा घेतला. चाणक्याने मात्र त्यातून व्यवस्था उभी केली. अपहाराचे चाळीस प्रकार त्याने मोजून दाखवले. ज्या अधिकाऱ्याची चौकशी चालू असेल, त्याने नाडलेल्या लोकांनी पुढे येऊन सांगावे अशी जाहीर दवंडी पिटण्याची तरतूद केली. अपहाराची खबर देणाऱ्याने तो सिद्ध केला तर त्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा मिळावा असे सांगितले, आणि सिद्ध करू न शकणाऱ्याला दंडही सांगितला.

या व्यवस्थेत एक समतोल आहे. तक्रार करणारा राज्याला उपयुक्त असतो, म्हणून त्याचा सन्मान. आणि तक्रार हे शस्त्र असते, म्हणून ते बेजबाबदारपणे चालवणाऱ्यावर अंकुश. लोकशाहीतल्या तक्रारदाराला सहावा हिस्सा मिळत नाही. पण हा समतोल आजही तितकाच आवश्यक आहे.

रांझ्याच्या पाटलाची हकीकत

शिवचरित्रातील रांझ्याच्या पाटलाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पण तो सांगताना शिक्षेच्या कठोरतेवरच भर दिला जातो आणि त्यातली कार्यपद्धती नजरेआड होते. खेडेबारे परिसरातील रांझे गावचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याने पद भोगत असताना दुर्वर्तन केले. हे प्रकरण १६४६ च्या सुमाराचे. महाराज तेव्हा किशोरवयीन होते. उपलब्ध पत्रानुसार घटनांचा क्रम असा आहे: हकीकत वरपर्यंत पोहोचली, पाटलाला हुजूर आणवण्यात आले, चौकशी झाली, गोष्ट खरी ठरली, आणि त्यानंतर शिक्षा झाली. त्याची पाटिलकी काढून घेतली गेली, पण रांझ्याची पाटिलकी बुडवली नाही; ती गुजर कुळातल्याच सोनजीकडे दिली गेली.

हातपाय तोडण्याचा तो काळ गेला. तो परत यावा असे कोणी म्हणणार नाही. पण खबर, पाचारण, चौकशी, निर्णय हा क्रम आजच्या कायद्याच्या राज्यातही तोच आहे. दोषी व्यक्तीला पदावरून दूर करायचे, मात्र पदाची प्रतिष्ठा राखायची, हा विवेकही आजच्याइतकाच तेव्हाचा आहे. तक्रार ही नगरसेवकपदाच्या विरोधात नसते. ती त्या पदाच्या बाजूने असते.

आधी ठरवावे, तक्रार कशाची

बहुसंख्य तक्रारी पहिल्याच पायरीवर घसरतात, कारण गाऱ्हाणे कोणत्या जातीचे आहे हेच लिहिणाऱ्याने ठरवलेले नसते. रस्त्यात खड्डा आहे, कचरा उचलला जात नाही, ही नगरसेवकाच्या वर्तनाविषयीची तक्रार नव्हे. महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. खड्ड्याची तक्रार प्रभाग कार्यालयात करायची असते. नगरसेवकाने त्याचा पाठपुरावा केला नाही, तर तो अकार्यक्षम ठरेल आणि त्याचा निकाल पुढील निवडणुकीत मतपेटीतून लागेल. अकार्यक्षमता आणि गैरवर्तन यांची गल्लत केली की खरे गैरवर्तन सुटून जाते.

गैरवर्तनाचेही प्रकार वेगळे आणि त्यांची दारेही वेगळी. मुंबईसाठी १८८८ चा, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा अधिनियम आहे. पालिकेच्या कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरू शकतो. सदस्याने, त्याच्या पती वा पत्नीने किंवा अवलंबिताने अनधिकृत बांधकाम केले, त्याला नगरसेवक या नात्याने साहाय्य केले, किंवा ते पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्राने वा प्रत्यक्ष अडथळा केला, तरीही सदस्यत्व जाऊ शकते. ही तरतूद किती महत्त्वाची आहे हे समजण्यासाठी ४ एप्रिल २०१३ ची आठवण पुरेशी आहे. त्या दिवशी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे विनापरवाना उभी राहिलेली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत बांधकाम व्यावसायिक होते, महापालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते आणि एक नगरसेवकही होता. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरेच. पण अनधिकृत इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. मजल्यावर मजला चढताना ती सर्वांना दिसत असते. कुणीतरी लिहायचे असते.

अपात्रतेचा वाद महापालिकेच्या बाबतीत न्यायाधीशांपुढे, तर नगरपरिषदेच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. म्हणून महापालिका क्षेत्रात अर्ज आयुक्तांकडे आणि नगरपरिषद क्षेत्रात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. कर्तव्य बजावताना केलेले गैरवर्तन किंवा लांच्छनास्पद वर्तन यांसाठी सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्यासाठी नगरविकास विभागाकडे अर्ज जातो. धमकी, मारहाण, खंडणी हे प्रकार थेट पोलीस ठाण्याचे. लाचेची मागणी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १०६४. नगरसेवक हा पगारी नोकर नसल्याने त्याला लाचेचा कायदा लागू नाही, असा युक्तिवाद पूर्वी केला जात असे. राजस्थानातील बांसवाड्याच्या नगरसेवकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो फेटाळला आणि नगरसेवक हा लोकसेवकच आहे असे स्पष्ट केले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा हाही गुन्हेगार आहे. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवले तरच त्याला संरक्षण मिळते. ‘आधी काम होऊ दे, मग बघू’ हा हिशेब आता परवडणारा नाही.

या बाबतीत इंग्लंडची व्यवस्था आपल्या उलट दिशेने गेलेली दिसते. तेथील २०११ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेला सदस्यांसाठी आचारसंहिता करणे बंधनकारक केले. साधा नागरिकही परिषदेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. पण त्याच कायद्याने सदस्याला निलंबित करण्याचा अधिकार काढून घेतला. तिथे दार सताड उघडे ठेवले आणि शिक्षा बोथट केली. आपल्याकडे शिक्षा पद घालवण्याइतकी कठोर आहे. दार मात्र शोधावे लागते. म्हणून इथल्या तक्रारदाराला तयारी अधिक करावी लागते.

कागद थकत नाही

ही तयारी म्हणजे काय, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत हजारो घरे बांधायची होती. कर्ज काढले गेले, कंत्राट दिले गेले, ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्या गेल्या. घरे मात्र ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यात दोन माजी मंत्री होते आणि अनेक आजी-माजी नगरसेवकही होते. आरोपींनी पुढे उच्च न्यायालयात दाद मागितली, तो त्यांचा अधिकारच आहे. पण फिर्याद ते निकाल ही साडेतेरा वर्षे काय टिकले, याचा विचार करावा. अधिकारी बदलले, सरकारे बदलली, पक्षांची समीकरणे बदलली. टिकले ते कागद. सभागृहात हात वर करून झालेला ठराव इतिवृत्तात नोंदला जातो, आणि एकदा नोंदला गेला की कुणाच्या सोयीने विसरत नाही.

सामान्य नागरिकाला हे कागद मिळवण्याचे साधन म्हणजे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा. अर्जासाठी शुल्क दहा रुपये, उत्तरासाठी मुदत तीस दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा. हे न पाळल्यामुळे अनेक अर्ज वाया जातात. ‘नगरसेवकांच्या भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असा अर्ज केल्यास काहीही हाती लागत नाही. अमुक रस्त्याच्या कामाची निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि देयकाची प्रत द्यावी, असे मागितले की चित्र उलगडू लागते. उमेदवाराने निवडणुकीच्या वेळी दिलेले मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र हाही एक महत्त्वाचा आधार आहे.

तक्रारअर्जाची भाषा हा दुसरा विषय. संतापलेला माणूस विशेषणे लिहितो. चौकशी अधिकारी मात्र वस्तुस्थिती शोधत असतो. ‘नगरसेवक गुंड प्रवृत्तीचे असून जनतेची लूट करीत आहेत’ या वाक्याने अर्जाचे वजन कमी होते. ‘अमुक दिनांकास, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक साक्षीदारांसमक्ष हे घडले, सोबत तीन कागद जोडले आहेत’ या वाक्यात दाद मागण्याची शक्ती असते. प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. शेवटी कोणती कारवाई अपेक्षित आहे ते एका वाक्यात मागावे. नाव, पत्ता व स्वाक्षरी हवीच. निनावी पत्राची बहुधा दखल घेतली जात नाही. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. महिनाभराने स्मरणपत्र द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी. या कामात वीरश्री नाही, चिकाटी आहे. ज्याच्याकडे पोच नाही, त्याची तक्रार कार्यालयाच्या लेखी जन्मालाच आलेली नसते.

तक्रारदार न्यायाधीश नव्हे

तक्रार दिली म्हणजे नगरसेवक दोषी ठरला, असे मानणारा तक्रारदार स्वतःच्या कार्याची हानी करतो. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा राज्य शासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये रद्द केला. लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला दूर करताना नैसर्गिक न्यायाची तत्त्वे काटेकोरपणे पाळली पाहिजेत, निर्णयाची कारणे नोंदवली पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. त्याच निकालात तक्रारदाराची भूमिकाही सांगितली आहे. तो या लढ्यातला पक्षकार नाही. साक्षीदार म्हणून पुरावा देऊन मदत करणे हे त्याचे काम.

वरवर पाहता हा निकाल तक्रारदाराला खाली बसवणारा वाटेल. वस्तुतः त्याने तक्रारदाराचा भार हलका केला आहे. नगरसेवकाला हरवणे ही त्याची जबाबदारी नाही. जे पाहिले, जे कागदावर सापडले, ते योग्य अधिकाऱ्यापुढे सत्यनिष्ठेने मांडणे एवढेच त्याचे कर्तव्य. जिंकण्या-हरण्याची भाषा गेली की त्यातले वैरही जाते, आणि उरते ती साक्ष.

कायदाही साक्षीला संरक्षण देतो. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील अपवादांत हे स्पष्ट आहे. पण तोच मजकूर चौकात फलकावर लावला किंवा भ्रमणध्वनीवरून गावभर फिरवला, तर ते संरक्षण गृहीत धरता येत नाही. आणि खोटी माहिती जाणूनबुजून अधिकाऱ्याला देणाऱ्यासाठी त्याच संहितेचे कलम २१७ आहे. चाणक्याचा समतोल नव्या संहितेतही कायम आहे.

आपला आणि परका

आता सर्वात अवघड परीक्षा. विरोधी पक्षाच्या नगरसेवकाविरुद्ध लिहायला धैर्य लागते. पण आपल्याच विचाराच्या, आपल्याच जातीच्या, आपणच घरोघरी पत्रके वाटून निवडून आणलेल्या नगरसेवकाविरुद्ध लिहायला त्याहून अधिक काही लागते. अशा वेळी तोंडी येणारी वाक्ये ठरलेली असतात. ‘त्यांच्या वेळी कुठे होता?’ ‘घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला?’ ‘शत्रूच्या हाती कोलीत द्यायचे का?’

या वाक्यांमागची भावना समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम घातक आहे. ध्येयवादाचे नाव घेऊन निवडून आलेला माणूस टक्केवारी मागू लागतो, तेव्हा त्याच्याबरोबर तो ध्येयवादही बाजारात उभा राहतो. त्याला पाठीशी घालणारे कार्यकर्ते संघटनेचे रक्षण करीत आहेत असे समजतात. प्रत्यक्षात ते तिच्या पुण्याईचे भांडवल त्या माणसाला खर्च करू देत असतात. स्वकीयाच्या दोषाकडे डोळेझाक करणाऱ्याच्या तोंडी परकीयाच्या दोषाची चर्चा शोभत नाही, आणि समाज हे फार लवकर ओळखतो.

आधी एकांतात समजावून सांगावे, वडीलधाऱ्यांकडून कानउघाडणी करावी, ही आपली रीत आहे आणि ती पाळावी. स्वभावदोष त्याने सुधारू शकतात. पण सार्वजनिक पैशाचा अपहार झाला असेल, कुणा दुबळ्यावर अन्याय झाला असेल, तर तो घरगुती प्रश्न राहत नाही. तिथे एकांतातली कानउघाडणी पुरत नाही. तिथे आवक क्रमांकच लागतो.

एकट्याने लढू नये, एकट्याला लढू देऊ नये

तक्रारदाराची भीती निराधार नसते. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांतील गैरप्रकार माहिती अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण तो अमलात आणलाच गेला नाही. अशा स्थितीत कुणा एका निवृत्त शिक्षकाला किंवा एकट्या गृहिणीला ‘तुम्ही लिहा, आम्ही मागे आहोत’ असे सांगून घरी जाणे हे पाप आहे.

म्हणून अर्ज एकाच्या नावाने नसावा. गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, व्यापारी मंडळ यांच्या वीस-पंचवीस स्वाक्षऱ्या असल्या की धमकी कोणाला द्यावी हे धमकावणाऱ्याला कळत नाही. कायदा जाणणारा एक वकील, हिशेब जाणणारा एक निवृत्त लेखापाल आणि बांधकाम जाणणारा एक अभियंता, इतकी माणसे बहुतेक प्रत्येक प्रभागात सापडतात. त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपल्या प्रभागातील कामांचे कागद वाचले, तरी पुष्कळ गैरवर्तन घडण्यापूर्वीच थांबेल. आपले कागद कोणीतरी वाचतो आहे, ही जाणीव नगरसेवकाला शिक्षेपेक्षाही अधिक सावध ठेवते. आणि त्याच बैठकीत नगरसेवकाने केलेल्या चांगल्या कामाची नोंद घेऊन त्याला अभिनंदनाचे पत्रही द्यावे. प्रामाणिक नगरसेवकाला अशा जागृत प्रभागाचा आधार वाटतो. अप्रामाणिकाला तो अडचणीचा वाटतो, आणि तसा वाटलाच पाहिजे.

नगरसेवक या शब्दातला ‘सेवक’ टिकवण्याची जबाबदारी निवडून आलेल्यावर आहे, तितकीच निवडून देणाऱ्यावर. मतदान पाच वर्षांतून एकदा येते. साक्ष देण्याची वेळ मात्र कोणत्याही दिवशी येऊ शकते. त्या दिवशी नागरिकाच्या हाती कागद असावा, कागदावर सत्य असावे आणि त्याच्या शेजारी शेजारी उभा असावा.